वास, डास आणि हवा

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 2470 या संहितेचा 1985 सालचा पहिला भाग सेप्टिक टँक कशी बांधावी ते सांगतो. मापांच्या आणि बांधकामाच्या रुक्ष तपशिलात हवेच्या पाइपाविषयी एक छोटं कलम येतं. गवंडी ज्याला ‘गॅस पाइप’ म्हणतात, तोच हा. रसग्रहण कवितेचंच करावं असा काही दंडक नाही. शब्दांची काटकसर आणि अर्थाची दाटी या कलमातही आहे.

कलमाची मागणी एवढीच: पाइप किमान 50 मिलिमीटर व्यासाचा हवा, तोंडाला डास अडवणारी जाळी हवी आणि आसपासच्या कुठल्याही इमारतीला वासाचा त्रास होणार नाही इतकी उंची हवी. टाकी जवळच्या इमारतीपासून निदान 15 मीटर लांब असेल तर सुमारे 2 मीटर उंची पुरते. त्याहून जवळ असेल तर पाइप इमारतीच्या माथ्यावर आणखी 2 मीटर न्यायचा.

पहिली खुबी अशी, की उंचीचा हिशेब नाकावर बेतलेला आहे आणि त्यात शेजाऱ्याचंही नाक धरलंय. साताऱ्याच्या जुन्या पेठांत किंवा सांगलीच्या गावभागात 15 मीटर मोकळी जागा कुठून आणणार? तिथं पाइपाला घराच्या वर चढण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी खुबी जाळीची. साचलेलं घाण पाणी क्युलेक्स डासाला मानवतं आणि हत्तीरोग पसरवतो तो हाच. गावोगावचे आरोग्यसेवक पाइपाला जाळी नाहीतर कापड बांधायला सांगतात, ते याच कलमाचं बोलीभाषेतलं रूप.

तिसरा अर्थ कळतो वाईत. तिथल्या नगरपरिषदेनं 2018च्या सुमारास घरोघरच्या टाक्या ठरावीक क्रमानं, साधारण तीन वर्षांतून एकदा उपसायची पद्धत घातली. टँकरचा पंप स्वतःच्या टाकीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब मैला नळीतून वर ढकलतो. म्हणजे जितका मैला बाहेर, तितकी हवा आत यायला हवी. तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय धार नीट लागत नाही, तसंच हे. झाकण उघडं असेल तर हवा तिथून शिरते. झाकण बंद आणि पाइपही तुंबलेला असेल, तर ती घरातल्या संडासाच्या भांड्यातलं पाणी ओढत वाट काढते. वास अडवणारं ते पाणी गेलं, की दुर्गंधी थेट घरात. प्लॅस्टिकची तयार टाकी तर आत चेपूही शकते. बोटीवरच्या मैल्याच्या टाकीला याच कारणानं फार जपतात.

पण कलमाचा सगळा रोख बाहेर पडणाऱ्या वासावर आणि डासांवर. आत येणाऱ्या हवेबद्दल ते गप्प आहे. शिवाय त्यानंच घालायला लावलेली जाळी धुळीनं, कोळिष्टकांनी बुजते आणि कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला आडोसा देते. दोन्ही उणिवा एका वाक्यानं भरून निघतील: उपसा सुरू करण्याआधी पाइप मोकळा आहे की नाही ते बघावं. वाईसारख्या गावात टँकर प्रत्येक दारी जातोच. त्याच फेरीत जाळीवर एक हात फिरला, तर कलमातलं न लिहिलेलं कामही होऊन जाईल.