नकलेची नक्कल : ‘डेक्स्ड’ ऐकताना

मंडळी, आज एका प्लगइनबद्दल बोलायचं आहे. नाव डेक्स्ड. फुकट मिळतं, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि यामाहाने १९८३मध्ये आणलेल्या डीएक्स-सेव्हन या सिंथेसायझरची ती सॉफ्टवेअरमधली नक्कल आहे. नक्कल उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार त्या उत्तमपणाबद्दलच आहे.

थोडं मागे जाऊ. १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये जॉन चौनिंग संगणकावर व्हिब्रॅटोचे प्रयोग करत होते. व्हायोलिनवादक तारेवर बोट हलवतो तेव्हा सेकंदाला पाच-सहा वेळा स्वर खालीवर होतो. चौनिंगनी ती गती वाढवत नेली. शेकड्यांत गेल्यावर कानाला हालचाल ऐकू येईनाशी झाली आणि आवाजाचा पोतच बदलला. एफएम म्हणजे मुळात एवढंच : एका स्वराने दुसऱ्याला हलवायचं.

आपल्या वैशेषिकांनी ध्वनीचे तीन उगम सांगितले आहेत : संयोग, विभाग आणि शब्द. भेरीवर काठी पडली, हा संयोग. बांबू चिरला, हा विभाग. तिसरा, शब्दापासून शब्द, हा त्यांनी ध्वनी लाटेसारखा पसरतो ते समजावायला मानला. मी तो अर्थ जरा ताणतोय, जाणकारांनी क्षमा करावी. पण चौनिंगच्या आवाजामागे काठी नाही, बांबू नाही. शब्दामागे शब्दच आहे. ‘हा कशाचा आवाज?’ असं विचारलं तर उत्तर नाही. मला यातली खरी नवलाई इथे वाटते.

चौनिंगनी ती कशी वापरली बघा. ‘स्ट्रिया’ ही त्यांची १९७७ची रचना. तिच्यात त्यांनी १.६१८ हे सुवर्ण गुणोत्तर घेतलं. समजा, मूळ स्वर ४००चा आणि त्याला हलवणारा ६४७चा. मग बेरजेने १०४७ आणि वजाबाकीने २४७ असे दोन नवे स्वर निघतात. आता ओळीने मांडा : २४७, ४००, ६४७, १०४७. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.६१८ पट! आवाज घंटेच्या जवळ जातो, पण घंटा नव्हे.

आणि डीएक्स-सेव्हन घराघरांत कशासाठी गेला? इलेक्ट्रिक पियानोसाठी. म्हणजे जो आवाज कशाचाच नव्हता, त्याला दुसऱ्याचा मुखवटा चढवून बाजारात उभं केलं. लोकांनाही दोष देता येत नाही. सहा ऑपरेटर, बत्तीस अल्गोरिदम, आणि हे सगळं बघायला सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळींची काचेची पट्टी. कोण कशाला आत शिरेल? तयार आवाज लावायचा आणि वाजवायचं.

डेक्स्डने ही अडचण काढून टाकली. सहाही ऑपरेटर एका पडद्यावर समोर आहेत. सबब संपली. तरी लोक जुन्या कार्ट्रिजच उघडतात, ऐंशीच्या दशकातला तोच पियानो शोधतात. प्लगइनही त्यांना हवं ते देतं; त्यात ‘मार्क वन’ नावाचं इंजिन आहे, ते मूळ यंत्राच्या जास्तीत जास्त जवळ जायचा प्रयत्न करतं. ही नकलेची नक्कल झाली. निष्ठा आहे ती यंत्रावर. शोध मागेच राहिला.

एक उदाहरण देतो, यावर माझे दोन दिवस गेले. डेक्स्डमध्ये १.६१८ लिहिता येत नाही. गुणोत्तराचे टप्पे १९८३चेच, शंभरावे. १.६१ मिळतं, १.६२ मिळतं, मधलं काही नाही. आजच्या संगणकाला ही मर्यादा पाळायचं काय कारण? फक्त इतकंच, की जुन्या यंत्राला ती होती. मी चिडलोच होतो. मग लक्षात आलं, की एकच ऑपरेटर कशाला बदलायचा? दोन्ही बदलू. सर्वांत खालच्या पट्टीत शंभराऐवजी दोनशेवे टप्पे मिळतात. तिथे मूळ स्वर ०.५५वर आणि हलवणारा ०.८९वर ठेवला. भागाकार १.६१८१! पंचावन्न आणि एकोणनव्वद, फिबोनाचीच्या मालिकेतल्या शेजारच्या संख्या. फिबोनाचीच्या आधी हेमचंद्रांनी मात्रावृत्तं मोजताना सांगितलेली मालिका हीच. (हशा) हो, छंदशास्त्र कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

तेव्हा मर्यादेला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. मात्र ती जागा कुठल्याही कार्ट्रिजमध्ये शोधून मला सापडली नसती. दोन स्वर एकमेकांशी काय करतात हे माहीत होतं, म्हणून सापडली. हे माहीत नसताना बटणं फिरवण्याला ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणतात आजकाल. कधी छान काही निघतंही. पण ते पुन्हा काढता येत नाही आणि पुढे नेताही येत नाही, मग प्रयोग कशाला म्हणायचं?

असो. आता सगळं कोरं करतो. पाचवा अल्गोरिदम घेतो. त्यात दोन-दोन ऑपरेटरच्या तीन जोड्या असतात. पहिल्या जोडीला ०.५५ आणि ०.८९ देतो, बाकीच्या गप्प ठेवतो. एकच कळ धरून ठेवणार आहे. हलवणाऱ्याची पातळी शून्यापासून हळूहळू वाढवतो. तेवढा पंखा बंद करा कुणीतरी.