चिलखताचे लिंग : अद्भुतरम्य व्हिडिओ गेममधील स्त्रीपात्रांची वेषयोजना

अद्भुतरम्य व्हिडिओ गेममधील लढवय्या स्त्रियांच्या वेषाची चर्चा बहुधा श्लीलाश्लीलतेच्या अंगाने केली जाते. त्यामुळे मूळ प्रश्न बाजूस राहतो. भरताने वेषभूषेस 'आहार्य' असे नाव देऊन अभिनयाच्या चार प्रकारांत तिला स्थान दिले. म्हणजे वेषही पात्राविषयी काही सांगत असतो. तो जे सांगतो ते पात्राच्या कार्याशी जुळते काय, हे पाहणे समीक्षेचे काम होय.

केवळ उघडे अंग हा दोष मानता येणार नाही. 'गोल्डन अॅक्स' (१९८९) या खेळात टायरिस फ्लेअर अत्यल्प वस्त्रांत लढते. परंतु तिचा सहकारी अॅक्स बॅटलर हाही जवळजवळ उघडाच आहे. त्या सृष्टीचा नियम उभयतांस सारखाच लागू आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) मध्ये मात्र निराळा प्रकार आढळतो. तेथील काही पोलादी चिलखते पुरुषपात्राने घातली असता अंग झाकतात. तीच स्त्रीपात्राने घातली असता पोट वा मांड्या उघड्या पडतात. वस्तूचे नाव तेच, आणि संरक्षणाचा आकडाही तोच!

भाषेच्या अभ्यासकास येथे विकारी विशेषणाची आठवण होईल. 'काळा घोडा' व 'काळी घोडी' यांत विशेषणाचे रूप लिंगानुसार बदलते, अर्थ मात्र कायम राहतो. या चिलखतांत रूपाबरोबर अर्थही पालटतो. पुरुषाचे चिलखत 'हा लढावयास निघाला आहे' असे सांगते; स्त्रीचे 'हिच्याकडे पाहा' एवढेच सांगते. आकडा एक बोलतो, चित्र दुसरेच.

जेथे ड्रॅगन उडतात तेथे वास्तवाचा आग्रह कशास, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो टिकण्यासारखा नाही. उघड्या त्वचेचे रक्षण मंत्रबळाने होत असेल, तर पुरुषाने तरी पोलादाचे ओझे का वाहावे? अद्भुतास वास्तवाचे बंधन नसले तरी स्वतःच्या नियमांचे असतेच.

शोभा व उपयुक्तता यांत मुळात विरोध आहे, असेही नाही. सोळाव्या शतकात मिलानच्या फिलिप्पो नेग्रोलीने घडविलेली शिरस्त्राणे विलक्षण अलंकृत आहेत. परंतु ते अलंकरण पोलादातूनच उठविलेले आहे, पोलाद काढून त्या जागी बसविलेले नाही. 'डार्क सोल्स' (२०११) मधील बहुतेक चिलखते स्त्री-पुरुषांच्या अंगावर जवळजवळ सारखीच दिसतात, आणि त्यांच्या देखणेपणास त्यामुळे कोठेही बाध येत नाही.

गळ्यात मेखला व कटीवर हार घालणारा क्षेमेंद्राने हास्यास्पद ठरविला. तेथे दोष अलंकाराचा नसून अनौचित्याचा आहे. व्हिडिओ गेममध्ये या अनौचित्याचा परिणाम अधिक खोल होतो. कारण खेळणारा पात्राकडे केवळ पाहत नाही, त्याच्या द्वारा तो कृती करतो. स्त्रीपात्र निवडताच चिलखताचे प्रदर्शन होत असेल, तर तिचा पराक्रम खोटा आहे असेच तो खेळ सुचवितो. म्हणून वेष किती झाकतो, हे मोजण्यापेक्षा एकच प्रश्न विचारणे उचित ठरेल : हेच चिलखत त्याच सृष्टीतील पुरुषाच्या अंगी चढविले, तर त्याचा अर्थ तोच राहील काय?