किकवीच्या उताऱ्यासाठी ओक्युलर

पुणे-सातारा महामार्गावरच्या किकवीत जमिनीचा उतारा हवा असला, तर आता तो घरबसल्या मिळतो. गट क्रमांक द्यायचा, १५ रुपये भरायचे आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफमध्ये उतरवून घ्यायचा. लिनक्स वापरणाऱ्याला मग ठरवावं लागतं, की तो उघडायचा कशात.

अक्षरं कुठे सुबक दिसतात यावरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. ग्नोमचं एव्हिन्स आणि केडीईचं ओक्युलर, हे दोन्ही पीडीएफ दर्शक पान रंगवून घेतात ते पॉपलर या एकाच लायब्ररीकडून. ती २००५ मध्ये एक्सपीडीएफच्या कोडमधून वेगळी निघाली. पान तेच, फरक पडतो तो पानाशी वागण्यात. एव्हिन्स पान दाखवून बाजूला होतं आणि रोजच्या वाचनाला तेवढं पुरतं. ओक्युलर कागदाची चौकशी करतं, म्हणून माझी पसंती त्याला.

सही असलेला उतारा उघडला, की वरच्या पट्टीत तशी सूचना येते. स्वाक्षरीच्या तपशिलात दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितलेल्या असतात. सही झाल्यावर मजकूर बदलला का, ही एक. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर भरवसा ठेवावा का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर गणितातून निघतं. दुसरीचं निघत नाही. दुय्यम निबंधकापुढे पक्षकाराची ओळख पटवायला माणूस लागतो, तसं इथेही कुणीतरी ओळख द्यावी लागते. ओक्युलर त्यासाठी सहसा फायरफॉक्सच्या प्रमाणपत्रांचा साठा वापरतं आणि भारताचं मूळ प्रमाणपत्र त्यात आपोआप नसतं, ते आणून बसवावं लागतं. तोवर मजकूर शाबूत असला, तरी सही करणारा अनोळखीच ठरतो. जे तपासलेलं नाही ते तपासल्यासारखं न दाखवण्याचा हा सरळपणा मला फार मोलाचा वाटतो. जमिनीच्या कागदाला तो हवाच.

उताऱ्यात शब्द शोधण्याची गोष्ट मात्र अवघड आहे. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या दिसण्याच्या क्रमाने मांडलेल्या असतात. ‘किकवी’तली ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, युनिकोडमध्ये मात्र ती ‘क’नंतर येते. फाइल बनवणाऱ्याने हा मेळ नीट घातला नसेल, तर समोर स्वच्छ दिसणारं गावाचं नाव शोधून सापडत नाही. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत तर नक्कल केल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ हाती येतो. यात दर्शकाचा दोष नाही आणि दर्शक बदलूनही सहसा उपयोग होत नाही. अशा वेळी टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून पान नव्याने वाचून घ्यावं. त्याला मराठी येतं.

ओक्युलरचा आणखी एक गुण म्हणजे कोरा समास छाटण्याची सोय. लहान पडद्यावर अरुंद रकान्यांचा तक्ता त्यामुळे वाचण्याजोगा होतो.

कमी मेमरीच्या जुन्या संगणकावर मात्र मी झथुरा नावाचा दर्शक ठेवीन. जे आणि के या कळांनी पान वरखाली होतं, माउस लागत नाही. शासन निर्णयांची लांबलचक परिशिष्टं वाचायला तो उत्तम.