'रोझमोन्दा दिंगिल्तेर्रा' : एका नावाची शोकान्तिका
दोनित्सेत्तीच्या या संगीतिकेत (फ्लॉरेन्स, १८३४, संहिता : रोमानी) इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी नायिका आहे. परंतु आपला प्रियकर राजा आहे, हेच तिला प्रारंभी ठाऊक नसते. ती त्यास एदेगार्दो म्हणून ओळखते. मनोऱ्यात एकान्तवासात असलेली रोझमोन्दा वाऱ्याच्या वेगाने ज्याच्याकडे जाऊ इच्छिते, तो एदेगार्दो मुळी अस्तित्वातच नाही. हेच पद पेर्सियानी या गायिकेने पुढे 'लूचीया'त नेले व तेथे ते गाजले. तेथील नायकाचेही नाव एदगार्दोच. मात्र ते खरे आहे. साहजिकच पदातील उपरोध लोपून केवळ विरह उरतो. अखेरीस राणी एलेओनोरा रोझमोन्दाचा वध करते; तथापि तिचा खरा घात प्रियकराचे नाव उमगते तेव्हाच झालेला असतो. सबब, सुट्या पदावरून या कृतीची परीक्षा करणे अन्यायाचे ठरेल.