लॅरी होम्सचा डावा हात

हेवीवेट विजेत्यांची नावं ओळीने सांगायला सांगा, बहुतेक जण महंमद अलीवरून थेट माइक टायसनवर उडी मारतात. मधली सात वर्षं ज्याची होती, त्या लॅरी होम्सचं नाव राहून जातं. जून 1978 ते सप्टेंबर 1985 या काळात त्याने जगज्जेतेपद 20 वेळा राखलं. हेवीवेटमध्ये सलग जगज्जेतेपद राखण्यात त्याच्यापुढे फक्त जो लुई आहे, 25 वेळांचा.

या वजनगटात होम्सइतका चांगला जॅब दुसऱ्या कोणाचा झाला नाही, असं माझं ठाम मत आहे. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. पुष्कळ मुष्टियोद्धे तो अंतर चाचपण्यापुरता वापरतात. होम्सचा डावा हात कमरेजवळ सैल असायचा आणि तिथून खांद्याच्या झटक्यासरशी वर यायचा. उंची 6 फूट 3 इंच, हातांचा पल्ला 81 इंच. खालून निघालेला हा ठोसा नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत उशीर झालेला असे. त्यामागे दुसरा, कधी तिसरा. समोरच्याची मान मागे जाई, पाय थबकत आणि मग उजवा हात येई. तालमीत एखाद्या मल्लाने एकच डाव इतका घोटलेला असतो की तो येणार हे ठाऊक असूनही प्रतिस्पर्धी त्यात सापडतो. होम्सचं तसं होतं.

हा हात घडला कष्टात. पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात गरिबीत वाढलेल्या होम्सने सातवीत शाळा सोडली आणि गाड्या धुण्याचं काम धरलं. पुढे डियर लेकच्या तळावर तो अलीचा सरावातला जोडीदार झाला. तिथून त्याच्यावर ‘अलीची नक्कल’ असा शिक्का बसला, तो पुरता कधीच पुसला गेला नाही.

त्याचा ऐन भराचा काळ मी 1978 ते 1982 मानतो, आणि त्याची सुरुवात 9 जून 1978च्या रात्री लास व्हेगासमध्ये झाली. जगज्जेतेपदाच्या लढतीत समोर केन नॉर्टन होता. काही दिवस आधीच होम्सचा डावा दंड दुखावला होता, म्हणजे नेमकं त्याचं मुख्य हत्यार. पहिल्या फेऱ्या त्या हाताने जिंकून दिल्या, पुढे नॉर्टन अंगावर चालून येत राहिला. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या कागदावर बरोबरी होती. पंधराव्या फेरीत दोघांनीही बचाव जवळजवळ सोडून दिला. थकलेले, सुजलेले दोन देह एकमेकांवर तुटून पडले. निकाल 143-142, दोघांच्या मते होम्स, एकाच्या मते नॉर्टन. ही फेरी पाहिल्यावर होम्सला निव्वळ तंत्राचा माणूस म्हणणं मला तरी शक्य होत नाही.

पुढच्याच वर्षी सातव्या फेरीत अर्नी शेव्हर्सच्या उजव्या ठोशाने तो आडवा झाला. उठला, सावरला आणि अकराव्या फेरीत जिंकला.

2 ऑक्टोबर 1980ला मात्र जिंकूनही त्याची झोळी रिकामीच राहिली. अली 38 वर्षांचा होता, शरीराने संपलेला. दहाही फेऱ्या तिन्ही परीक्षकांनी होम्सला दिल्या. लढत थांबवावी म्हणून तो पंचाकडे बघत होता. नंतर तो रडला. लोकांनी लक्षात ठेवला तो अलीचा पराभव. 1982मध्ये गोऱ्या जेरी कूनीविरुद्ध जगज्जेता असूनही होम्सचं नाव आधी पुकारलं गेलं, आव्हानवीराचं नंतर. परंपरेच्या अगदी उलट. ‘टाइम’च्या मुखपृष्ठावरही कूनीच होता. तेराव्या फेरीत होम्सने त्याला थांबवलं.

त्याच्या कारकिर्दीची उणी बाजू इथून सुरू होते. 1983मध्ये टिम विदरस्पूनविरुद्धचा विजय निसटता होता. विदरस्पूनला दुसरी संधी द्यायला हवी होती. त्याऐवजी त्याच वर्षी मार्व्हिस फ्रेझरसारखा अननुभवी मुलगा समोर आला आणि पहिल्याच फेरीत संपला. शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या लढतींनी 20 हा आकडा फुगला, हे मान्यच करावं लागेल.

सलग 48 विजयांनंतर, रॉकी मार्सियानोच्या सलग 49 विजयांपासून एक पाऊल दूर असताना, मायकल स्पिंक्सने त्याला गुणांवर हरवलं. त्या रात्री मार्सियानोविषयी तो जे अनुदार बोलला, ते त्याला फार महागात पडलं. पुढे त्याने माफी मागितली, पण त्या एका वाक्याने सात वर्षांचं मोल लोकांच्या नजरेत उतरलं. हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो. 1988मध्ये टायसनने चौथ्या फेरीत त्याला पाडलं. 75 लढतींत तो वेळेआधी हरला तो एवढ्या एकदाच.

त्याची थोरवी समजून घ्यायची तर मी कोणालाही फेब्रुवारी 1992ची रे मर्सरविरुद्धची लढत पाहायला सांगेन. मर्सर ऑलिंपिक विजेता, अपराजित, ऐन जोमात; होम्स 42 वर्षांचा. पायांतला वेग गेलेला, म्हणून तो कोपऱ्यात दोरांना पाठ टेकून उभा राहतो. ठोसे खांद्यावर झेलतो, मान वळवून चुकवतो, मध्येच कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. आणि डावा हात कमरेजवळून निघून मर्सरच्या तोंडावर पोहोचत राहतो, बाराव्या फेरीची घंटा होईपर्यंत.