जुन्या दुनळी बंदुकांचें कालनिर्णयन

छऱ्याच्या जुन्या विलायती बंदुकांचा काळ व किंमत ठरविण्याची जी रीत संग्राहकांत रूढ आहे, ती आम्हांस सदोष वाटते. कळेवरील नांव वाचावयाचें, नळीवरील दमास्कसी नक्षी पाहावयाची आणि आंकडा सांगून मोकळें व्हावयाचें, हें संशोधन नव्हे. नांव फसवें असूं शकतें. बर्मिंगहॅमच्या नामांकित वेस्टली रिचर्ड्स कारखान्याची आठवण करून देणारें ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हें नांव बेल्जमच्या कित्येक हलक्या बंदुकांवर आढळतें. नळ्या उतरून खालची बाजू पाहिली कीं लंबवर्तुळांतील ‘ई एल जी’ हा लिएझच्या परीक्षागृहाचा ठसा दिसतो. त्यावर मुकुट असेल, तर तो ठसा १८९३ पूर्वीचा नव्हे.

इंग्रजी ठशांपैकीं ‘नॉट फॉर बॉल’ हीं अक्षरें १८७५ ते १८८७ या काळांतलीं. ‘नायट्रो प्रूफ’ हीं १८९६ पासूनचीं. परंतु ठसा परीक्षेचा काळ सांगतो, घडणीचा नव्हे. काळ्या दारूकरितां घडलेली नळी पुढें धूरविरहित दारूकरितां पुन्हा तपासली जाई. आमच्या वाचकांस हा प्रकार नवा नाहीं. जुन्या कागदावर मागाहून उमटविलेला शिक्का त्यांनीं पुष्कळदां पाहिला आहे!

किंमतीचा प्रश्न याहून नाजूक. गंज काढण्यासाठीं नळी आंतून घांसलेली असल्यास ठसा खरा असूनही तिची भिंत पातळ झालेली असते. ती जाडी मोजल्यावांचून सांगितलेली किंमत आम्हांस मान्य नाहीं. नायट्रो परीक्षेचा ठसा नसलेल्या दमास्कसी नळींत आजचें काडतूस घालणारा तर डाव्या हाताचीं बोटें पणास लावतो.