रॉक-संगीताचे अनुबोधपट : श्रोत्याच्या स्थानाचा विचार

रॉक-संगीताच्या मैफलींचे चित्रपट आणि त्या संगीताच्या इतिहासावरील अनुबोधपट यांची संख्या गेल्या सहा दशकांत पुष्कळ वाढली आहे. त्यांविषयीची चर्चा मात्र बहुधा दोनच प्रश्नांभोवती घुटमळते. गायन-वादन कसे झाले, आणि कलावंताच्या चरित्रातील कोणती नवी माहिती हाती आली? रसिकाच्या दृष्टीने हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु चित्रपट म्हणून या कृतींची परीक्षा करावयाची तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. ज्याच्यासाठी हे संगीत झाले त्या श्रोत्याला दिग्दर्शकाने कोठे बसविले आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर चित्रपटाचे कलामूल्य आणि इतिहासाचे साधन म्हणून त्याची विश्वसनीयता ही दोन्ही अवलंबून असतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रकारच्या आरंभीच्या चित्रपटांत डी. ए. पेनबेकर यांच्या 'मॉन्टेरे पॉप' (१९६८) या कृतीला मानाचे स्थान आहे. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे झालेल्या तीन दिवसांच्या महोत्सवाचे हे चित्रण होय. हातात धरून फिरता येणारे कॅमेरे आणि त्यांच्याशी मेळ राखणारे ध्वनिमुद्रण यांमुळे छायाचित्रकाराला गर्दीत मिसळणे शक्य झाले होते. पंडित रविशंकर व उस्ताद अल्लारखा यांच्या वादनाने चित्रपटाचा शेवट होतो. त्या वादनाला चित्रपटाचा जवळजवळ पाचवा हिस्सा दिलेला आहे. तथापि त्यातील प्रारंभीचा बराच वेळ सतार केवळ ऐकू येते आणि पडद्यावर दिसतात ते श्रोते. त्यांत जिमी हेन्ड्रिक्सही आहे. वस्तुतः रविशंकरांचे वादन १८ जूनच्या दुपारी झाले आणि हेन्ड्रिक्सने आपली गिटार पेटविली ती त्याच रात्री. चित्रपटात हा क्रम उलटा आहे. प्रक्षोभाकडून एकाग्र श्रवणाकडे जाणारी ही वाट कालक्रमाने घालून दिलेली नसून संकलकाने आखलेली आहे. कलाकृती म्हणून ती समर्थनीय ठरते. महोत्सवाचा इतिहास लिहिणाऱ्याने मात्र तिला दैनंदिनी समजू नये.

'गिमी शेल्टर' (१९७०) या आल्बर्ट व डेव्हिड मेझल्स आणि शार्लट झ्वेरिन यांच्या चित्रपटात श्रोतृसमुदायाचे रूपच पालटते. ६ डिसेंबर १९६९ रोजी आल्टमाँट येथे रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात रंगमंचासमोर मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या तरुणाची हत्या झाली आणि ती कॅमेऱ्यात टिपली गेली. दिग्दर्शकांनी तो प्रसंग नुसता दाखविला नाही. मिक जॅगरला संकलनाच्या टेबलापाशी बसवून ते चित्रण त्याला पाहावयास लावले, आणि त्याचे ते पाहणेही चित्रपटात घेतले. रंगमंचावरून ज्याला समोरचे नीट दिसत नव्हते तो गायक येथे प्रेक्षकाच्या जागी येऊन बसतो. चौकट थांबविली जाते, मागे नेली जाते. चित्रपट आपला पुरावा कसा तयार होतो हेच उघड करून दाखवितो. हेच चित्रण पुढे न्यायालयातही दाखविण्यात आले व १९७१ मध्ये आरोपी स्वसंरक्षणाच्या कारणावर निर्दोष सुटला. चित्रपटाने स्वतः निवाडा देण्याचे टाळले होते, ही गोष्ट त्यामुळे अधिकच लक्षणीय वाटते.

मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'द लास्ट वॉल्ट्झ' (१९७८) मध्ये याच्या उलट टोक दिसते. 'द बँड' या वृंदाचा २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील विंटरलँडमध्ये झालेला निरोपाचा कार्यक्रम गीतांच्या शब्दांनुरूप आधीच आखणी करून चित्रित केला गेला. त्यात श्रोते जवळजवळ दिसतच नाहीत. वादकांचे परस्परांकडे पाहणे, सुरांची देवघेव आणि श्रमाने निथळणारे चेहरे इतक्या जवळून क्वचितच टिपले गेले असतील. परंतु श्रोता हटविल्यावर मैफलीचा केंद्रबिंदू ठरविण्याचा सर्व अधिकार कॅमेऱ्याकडे जातो. गिटारवादक रॉबी रॉबर्टसन हेच चित्रपटाचे निर्माते होते, आणि चित्रपटाने त्यांनाच अवाजवी महत्त्व दिले अशी तक्रार वृंदातील लेव्हन हेल्म यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदविली. तक्रारीतील तथ्य बाजूस ठेवले तरी सभागृहाची नजर दाखविणारा साक्षीदार चित्रपटात उरलेला नाही, हे खरे.

श्रोत्याला वगळण्याचा मार्ग जोनाथन डेमी यांच्या 'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४) मध्ये अधिक विचारपूर्वक अनुसरलेला आहे. डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवुडच्या पँटाजिस नाट्यगृहात झालेल्या 'टॉकिंग हेड्स'च्या कार्यक्रमांचे हे चित्रण. डेव्हिड बर्न रिकाम्या रंगमंचावर एकटा येतो आणि गीतागणिक एकेक साथीदार वाढत जातो. श्रोत्यांचे चेहरे अखेरच्या गीतापर्यंत जवळजवळ राखून ठेवलेले आहेत. टाळ्या वाजविणारा चेहरा समोर नसल्यामुळे चित्रपटगृहातील प्रेक्षकाला कोणाचा आनंद उसना घेता येत नाही. त्याला स्वतःच ऐकावे लागते. अखेरीस श्रोते दिसतात तेव्हा ते त्याला आपल्याबरोबरीचे वाटतात.

आतापर्यंतच्या चारही चित्रपटांना विपुल चित्रण उपलब्ध होते. ज्या वृंदाला त्याच्या काळी श्रोताच लाभला नाही त्याचा अनुबोधपट कसा करावा? ड्रू डिनिकोला व ऑलिव्हिया मोरी यांच्या 'बिग स्टार : नथिंग कॅन हर्ट मी' (२०१२) या कृतीपुढे हीच अडचण आहे. आघाती गिटार, मनात घर करणारी चाल आणि अनेक कंठांचा मेळ यांना तीन-चार मिनिटांत बांधणाऱ्या गीतप्रकारास 'पॉवर पॉप' म्हणतात. हा शब्द 'द हू'च्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला होता. मेम्फिसच्या बिग स्टारने 'नंबर वन रेकॉर्ड' (१९७२) व 'रेडिओ सिटी' (१९७४) या ध्वनिमुद्रिकांत त्याचा आदर्श निर्माण केला. परंतु वितरणाच्या घोटाळ्यामुळे त्या दुकानांपर्यंत पुरेशा पोहोचल्याच नाहीत. १९७३ मध्ये मेम्फिस येथे रॉक-समीक्षकांचा मेळावा भरला व तेथे या वृंदाचे वादन गाजले. म्हणजे ज्यांनी मनापासून ऐकले ते बहुतांशी समीक्षक होते.

चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच ख्रिस बेल (१९७८) आणि अ‍ॅलेक्स चिल्टन (२०१०) हे दोघे प्रमुख गीतकार निवर्तले होते. उरली ती छायाचित्रे, ध्वनिफिती आणि आठवणी. दिग्दर्शकद्वयाने ही सामग्री ममतेने हाताळली आहे. ड्रमवादक जोडी स्टीव्हन्स आणि आर्डेंट स्टुडिओचे जॉन फ्राय यांचे बोलणे संयत आहे. बेलच्या भावाचे बोलणे ऐकताना कीर्तीच्या कथेखाली दडलेले एका कुटुंबाचे दुःख जाणवते. तथापि अनुपस्थित श्रोत्याची जागा येथे भक्ताने घेतली आहे. नंतरच्या पिढीतील संगीतकार व समीक्षक एकामागून एक साक्ष देतात आणि त्यांच्या प्रशंसेलाच पुराव्याचे रूप येते. ज्यांनी त्या काळी हे संगीत ऐकले आणि तरीही ते ज्यांना रुचले नाही, अशांची साक्ष येथे जवळजवळ नाहीच. त्यामुळे अपयशाचा सारा भार वितरणावर पडतो आणि अभिरुचीचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

याहून गंभीर दोष रचनेचा आहे. गीते बहुतांशी तुकड्यांतून, बोलण्याखाली ऐकू येतात. लांबणाऱ्या वादनाचा अंश ऐकूनही त्याची कल्पना येऊ शकते. पॉवर पॉपचे गीत मात्र कडवे, ध्रुवपद आणि मधला वेगळ्या चालीचा भाग यांच्या प्रमाणबद्धतेवर उभे असते. ते अर्ध्यावर तोडले की शिल्लक राहते ती केवळ चाल. ज्या संगीताला न्याय मिळाला नाही असे चित्रपट सांगतो, ते पूर्ण ऐकण्याची संधी तोही क्वचितच देतो. एकच गीत, कोणाच्याही अभिप्रायाविना, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकविले असते तर साक्षीदारांची संख्या निम्म्याने कमी करता आली असती.

तेव्हा श्रोता दाखवावाच असा नियम यातून निघत नाही. डेमी यांनी तो राखून ठेवला आणि त्यांचा चित्रपट सरस ठरला. पेनबेकर यांनी तो आधी दाखविला आणि तोही सरस ठरला. महत्त्व आहे ते ऐकण्याची जागा मोकळी ठेवण्याला. अनुबोधपटांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने कार्यक्रमाचा मूळ क्रम आणि चित्रपटातील क्रम ताडून पाहावा, निर्माता कोण याची नोंद घ्यावी, आणि ज्या गीतांविषयी चित्रपट बोलतो ती ध्वनिमुद्रिकेवरून संपूर्ण ऐकावीत. बिग स्टारच्या बाबतीत हे श्रवण चित्रपट पाहण्यापूर्वी झालेले अधिक चांगले. म्हणजे साक्षीदारांचे शब्द कानावर पडण्याआधी अभ्यासकाचे स्वतःचे मत तयार झालेले असेल.